जिप्सी किंग, भाग ७: तीन नळ्या आणि एक उलटा जोड

मागच्या भागात ब्रेक संपवले, तेव्हा पुढचं काम क्लचचं असं लिहिलं होतं. पण एप्रिलच्या शेवटी एका दुपारी आई ओसरीवरून ओरडली, "अरे, तुझ्या त्या गाडीखाली काय टपकतंय बघ, घरभर पेट्रोलचा वास सुटलाय." आदल्या संध्याकाळी टाकी फुल्ल केली होती आणि गाडी अंगणात उन्हात उभी. बॉनेट उघडलं तर कॅनिस्टरच्या बुडातून थेंब थेंब पेट्रोल. कोळशाच्या त्या डब्यात फक्त वाफ जायला हवी. पातळ पेट्रोलचं तिथे काही काम नाही.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: गाडी १९९७ ची मारुती जिप्सी किंग, १२९८ सीसी, कार्ब्युरेटरवाली. पंप यांत्रिक, इंजिनच्या हेडवर, कॅमने चालणारा. त्यामुळे पुढचं सगळं कमी दाबाच्या लाइनबद्दल आहे. एमपीएफआयवाल्यांनी, म्हणजे इंजेक्शनच्या गाड्यांनी, यातलं रबरी होज आणि क्लिपांचं गणित तसंच्या तसं उचलू नये, तिथे दाब कितीतरी जास्त असतो.

टाकीपासून इंजिनपर्यंत चासीवरून तीन पाइप येतात. मेन, रिटर्न आणि व्हेपर. मेन कळायला सोपा, माझ्या गाडीवर तो आठ मिलिमीटरचा आहे. पंप कार्ब्युरेटरला लागतं त्यापेक्षा जास्त पेट्रोल ओढतो, उरलेलं रिटर्नने टाकीत परत जातं. ही उधळपट्टी नव्हे. पेट्रोल सतत फिरत राहिलं की पंपाशी तापून त्याचे बुडबुडे होत नाहीत, म्हणजेच घाटात व्हेपर लॉक होत नाही. तिसरा पाइप टाकीचं नाक. ऊन लागलं की टाकीत वाफ फुगते, ती या वाटेने कॅनिस्टरमध्ये जाते, कोळसा ती धरून ठेवतो आणि इंजिन चालू झालं की मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनला हवा-पेट्रोल पुरवणारी नळी, ती ओढून घेतं. पेट्रोल कमी होत जातं तशी बाहेरची हवा याच वाटेने टाकीत शिरते.

रिटर्न आणि व्हेपर, दोन्ही सहा मिलिमीटरचे. इंजिनपाशी ते शेजारी शेजारी वर येतात, जुळ्या भावांसारखे. आता कळलं असेल गोष्ट कुठे चाललीय.

मला मात्र लगेच कळलं नाही. गेले सहा महिने गरम गाडी आयडलला डुलायची, प्लग काळे निघायचे, आणि मी दोनदा कार्ब्युरेटर उघडून बसलो होतो. फ्लोट लेव्हल बघितली, नीडल बदलली, मिक्श्चर स्क्रूशी खेळलो. सगळं वाया. पासरणी घाट चढताना मागे बसणाऱ्याचं डोकं दुखायचं आणि मी म्हणायचो, जुनी गाडी आहे, थोडा वास येणारच. हे वाक्य आता माझ्या तोंडून ऐकलंत तर टोका.

शोध लागला तो सायकलच्या पंपामुळे. कॅनिस्टरकडे जाणारा होज पाइपवरून काढला, त्या पाइपला रबरी तुकड्याने पंप जोडला आणि भाच्याला टाकीच्या तोंडाशी कान लावायला सांगितला. (पाइपात तोंडाने फुंकू नका, पेट्रोलची वाफ छातीत भरण्यात शौर्य नाही.) हा पाइप खरोखर व्हेपरचा असेल तर टाकीत वरच्या बाजूला नुसता फुस्स आवाज यायला हवा. मी हळूच दोन स्ट्रोक मारले. भाचा म्हणाला, "मामा, आत कुणीतरी स्ट्रॉने कोकममध्ये फुंकतंय." गुडगुड! म्हणजे पाइपचं दुसरं टोक पेट्रोलमध्ये बुडालेलं. म्हणजे तो रिटर्न. मग पंपाकडून येणारा रिटर्न होज ज्या पाइपवर चढवला होता तिथे सायकलचा पंप लावला, तर फुस्स.

माझ्या आधी कुणीतरी दोन्ही होज अदलाबदल करून बसवले होते. गंमत म्हणजे गाडी तशीही चालत होती. रिटर्नचं पेट्रोल व्हेपर पाइपातून उलटं जाऊन टाकीत वरून पडत होतं, म्हणून पंपाची तक्रार नव्हती. पण टाकी तापली की वाफेला सुटायला वाट नाही. ती पेट्रोलच्या पृष्ठभागावर दाब द्यायची आणि बुडालेल्या पाइपातून पातळ पेट्रोलच सरळ कॅनिस्टरमध्ये चढवायची. टाकी ते बॉनेटमधली उंची फार नाही, थोडा दाबही पुरतो. भिजलेला कोळसा इंजिनला वाफेऐवजी जवळपास कच्चं पेट्रोलच पाजत होता. प्लग काळे का, याचं उत्तर गेले सहा महिने कार्ब्युरेटरपासून हातभर अंतरावर बसलं होतं.

होज अदलून काम भागलं असतं. पण जुना होज ओढताना फाटला आणि कापून आत बघितलं तेव्हा टाकी उतरवायचं ठरलं. बाहेरून साधा, काळा, थोडा तडकलेला. आतलं अस्तर मात्र फुगून असं सुटलेलं की भोक काडेपेटीच्या काडीएवढं उरलं होतं. अंगठा फिरवला तर काजळीसारखं काळं हाताला लागलं. ते काळं फिल्टरमध्ये आणि तिथून कार्ब्युरेटरच्या बारीक जेटमध्ये जाणार. १९९७ च्या गाडीचं रबर इथेनॉलच्या हिशोबाने बनलेलंच नव्हतं, आणि आता पेट्रोल पंपावर वीस टक्के इथेनॉलवालंच मिळतं. त्यात आपल्या सातारा-सांगलीच्या उसाचाही वाटा, त्यामुळे रागवायचं तरी कुणावर.

बॅटरी काढली, अग्निशामक जवळ ठेवला, हँडलॅम्पऐवजी एलईडी टॉर्च. हातपंपाने अकरा लिटर निघालं. टाकी चाळीस लिटरची, रिकामी झाल्यावर एकट्याने उतरते, पण गार्डच्या पत्र्याचे बोल्ट गंजलेले, त्यातले दोन ग्राइंडरऐवजी छिन्नीने तोडले. पेट्रोलशेजारी ठिणगी नकोच. टाकीखाली कुणाचा हात लागलेला दिसला नाही, आतून गंज वरच्या भागात थोडा, तळ चांगला. एका जागी बाहेरून खड्डा आहे. गावातला एकजण वेल्डिंगचा टाका मारून देतो म्हणाला. रिकाम्या टाकीत वाफ उरते आणि भरलेल्या टाकीपेक्षा तीच जास्त घातक, म्हणून त्याला चहा पाजून परत पाठवला.

पुढच्या शनिवारी पुण्याला, नाना पेठेत. दुकानदार म्हणाला, "साहेब, तांब्याचे पाइप घ्या, हाताने वळतात, परत बघायला नको." वळतात खरे, पण तांबं हादऱ्याने कडक होत जातं आणि मग जोडाशी तडकतं, शिवाय पेट्रोलमध्ये चिकट गाळ धरायला मदत करतं. मी दुहेरी भिंतीची पोलादी बंडी ट्यूब घेतली, ब्रेकला वापरतात तीच. गाडीचा व्हीलबेस २३७५ मिलिमीटर, वळणं धरून प्रत्येकी तीन मीटर पुरलं, तिन्हीतून थोडा तुकडा उरला. होज एसएई जे३० आर९ छापलेला मागितला, हा पेट्रोलच्या होजचा एक दर्जा. आर७ कार्ब्युरेटरच्या दाबाला पुरतो, पण आर९ चं आतलं अस्तर इथेनॉलला जास्त दाद देत नाही. किंमत जवळपास तिप्पट. एकूण दीड-दोन मीटरच लागतो, म्हणून कुरकुर करत दिले.

वळणाचं काम सगळ्यात मजेचं. जुना पाइप जमिनीवर ठेवून खडूने त्याची छाया काढली आणि बेंडरने नवीन त्या रेषेवर बसवत गेलो. पहिला पाइप वाया गेला, एक वळण उलट्या हाताला घेतलं. प्रत्येक टोकाला फ्लेअरिंग टूलने अर्धी फ्लेअर मारून गळ्याशी फुगवटा काढला, नुसत्या गुळगुळीत टोकावरून होज घसरतो. क्लिपा गुळगुळीत पट्टीच्या, कारण भोकं पाडलेल्या पट्टीच्या क्लिपा होजचं रबर खिसतात. चासीवर दर अर्ध्या हातावर रबर लावलेली पी-क्लिप, आणि सायलेन्सरच्या पाइपपासून शक्य तितकं लांब. आणि हो, व्हेपर पाइपला दोन्ही टोकांना पांढऱ्या रंगाचा पट्टा मारला. पुढच्या मालकाने मला शिव्या देऊ नयेत.

व्हेपर लाइनवरचा, टाकीजवळचा बोटाएवढा दुतर्फी व्हॉल्व नवीन घातला. तो उलटा बसू शकतो, म्हणून आधी फुंकून बघितला, नवा आणि कोरडा असल्यामुळे तोंडाने. कॅनिस्टरच्या बाजूने हलक्या श्वासानेही हवा जाते, टाकीच्या बाजूने जरा जोर लावावा लागतो. टाकीत थोडा दाब राहावा म्हणूनच ती योजना. कॅनिस्टर जुन्या बाजारातून दुसरा आणला, हलवला तर आत खडखडत नाही हे बघून.

जोडून झाल्यावर पेट्रोल घालण्याआधी एकेका लाइनला सायकलच्या पंपाने हलका दाब देऊन साबणाचं पाणी लावलं. एका क्लिपशी फेस आला, तेवढी आवळली. मग पाच लिटर पेट्रोल आणि स्टार्टर. कोरडा यांत्रिक पंप भरायला वेळ घेतो, दहा सेकंद फिरवा, थांबा, परत. पाचव्या खेपेला पेटली.

गेल्या रविवारी दुपारी दोन वाजता, मुद्दाम भर उन्हात, वाईहून पासरणी घाटाने पाचगणी. बारा-तेरा किलोमीटर. आयडल ठाम, वास नाही, मागे बसलेली आई काही बोलली नाही. वर पोचल्यावर कॅनिस्टर हाताने चाचपला, कोरडा.

पाचगणीला टाकी भरायला गेलो तर नॉझल दर अर्ध्या लिटरला टक करून बंद. पंपावरचा पोरगा वैतागून म्हणाला, "काका, टाकी भरली का तुमची?" भरली नव्हती. फिलरच्या जाड होजशेजारी हवा बाहेर यायला एक बारीक होज असतो, टाकी परत चढवताना तो चासी आणि टाकीमध्ये चेपलाय. तो सरळ करायला टाकी पुन्हा दोन इंच खाली घ्यावी लागणार, आणि गार्डचे नवे बोल्ट मी लॉकटाइट, म्हणजे बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद, लावून आवळलेत.