रात्रीत कडू झालेलं रेलिश

बुधवारी सकाळी सहाला कोल्ड रूम उघडली, झाकण सरकवलं आणि क्रॅनबेरी या लहान, लाल, आंबट फळाचं रेलिश, म्हणजे चटणीसारखं तोंडीलावणं, चमचाभर तोंडात टाकलं. आधी आंबट, मग गोड, आणि मग जिभेच्या मागच्या टोकाला असा कडूपणा चढला की मी बेसिनकडे धावले. आदल्या संध्याकाळी मी हेच रेलिश तीन जणांना चाखवलं होतं आणि तिघांनीही पुन्हा मागितलं होतं.

मी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या एका वृद्धनिवासाचं स्वयंपाकघर सांभाळते. राहणारे 62 जण. पण थँक्सगिव्हिंगला, नोव्हेंबरातल्या त्या गुरुवारच्या सणाला, मुलं, नातवंडं येतात आणि पानं होतात 140. टर्की, स्टफिंग, बटाटे हे सगळं ठरलेलं, त्यात कुणी काही बोलत नाही. वाद होतो तो क्रॅनबेरीवर. निम्म्यांना डब्यातलीच जेली हवी असते, डब्याची वळी उमटलेली, चकत्या करून. तिच्याशी मी भांडत नाही, दहा डबे आणून ठेवते. उरलेल्यांना हवं असतं कच्चं रेलिश: क्रॅनबेरी, संत्रं आणि साखर एकत्र दळायची, शिजवायचं काहीच नाही, रात्रभर मुरू द्यायचं. 340 ग्रॅमच्या दहा पिशव्या, दहा संत्री, दीड किलो साखर. माझ्या आधीच्या कुकने लिहून ठेवलेल्या कार्डावर एवढंच होतं.

आणि आता ते सगळं कडू.

पहिला संशय भांड्यावर. फूड प्रोसेसरच्या पात्याखाली साबण राहिला असेल, असं माझी मदतनीस म्हणाली. पातं काढून बघितलं, वास घेतला, कोरडी बोटं फिरवली, काही नाही. अक्रोड खवट असतील म्हणावं, तर अक्रोड अजून घातलेच नव्हते. साखरेचं पोतं तेच, त्यातूनच सकाळची कॉफी गोड झाली होती. मी आणखी दोन वाट्या साखर ढवळून बघितली. गोड कडू झालं. नुसत्या कडूपेक्षा ते वाईट लागतं.

अकराच्या सुमाराला 14 नंबरच्या आजींची मुलगी आली. हातात खोकं, खोक्यात जवळजवळ दोन-दोन लिटरच्या दोन बरण्या, काठोकाठ लालभडक रेलिश. “आईची कृती आहे, उद्या सगळ्यांसाठी मांडा,” म्हणाली. चार तास गाडी चालवून आली होती बिचारी.

त्या क्षणी माझ्याकडे रेलिश नव्हतं आणि तिच्याकडे चार लिटर होतं.

पण नियम अगदी स्पष्ट आहे. खासगी घरात बनवलेला पदार्थ आम्हाला सगळ्यांच्या पंगतीत वाढता येत नाही. क्रॅनबेरी इतकी आंबट असते की तिच्यात जंतूंना वाढणं अवघडच, हे मलाही माहीत आहे. नियम मात्र आंबटपणा बघत नाही, तो पदार्थ कुठे बनला ते बघतो. आणि जिथे राहणाऱ्यांचं सरासरी वय 80 च्या पुढे आहे, तिथे तो तसाच असावा असं माझंही मत आहे. बरण्या आजींच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये ठेवा, तुम्ही घरचे खा, असं मी सांगितलं. मुलगी “बरं” म्हणाली. पण ते ‘बरं’ असं होतं की ती खोलीकडे वळली तेव्हा मी तिच्या पाठीकडेही बघू शकले नाही.

अर्ध्या तासाने आजी स्वतःच आल्या, वॉकर ढकलत, 87 वर्षांच्या. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. त्या स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या, दाराबाहेरच, कारण आत यायला परवानगी नाही हे त्यांना पाठ आहे, आणि म्हणाल्या, “तुझं कडू झालंय म्हणे.”

मदतनीसाने पचकून ठेवलं होतं. मी वाटीत थोडं काढून दिलं. त्यांनी जिभेच्या टोकाने चाखलं, डोळे मिटले आणि लगेच विचारलं, “संत्रं कसं घातलंस?”

“अख्खं. धुऊन, चार फोडी करून.”

“बेंबीवालं?”

“हो, नेव्हल.”

“आणि पांढरं?”

“कार्डावर ‘अख्खं संत्रं’ लिहिलंय.”

“कार्ड लिहिणाऱ्याने ते त्याच दिवशी खाल्लं असणार,” आजी म्हणाल्या.

मला कानशिलात बसल्यासारखं झालं, कारण हे मी शिकलेले आहे. चक्क परीक्षेत लिहिलंय. नेव्हल संत्र्याच्या पांढऱ्या भागात आणि पाकळ्यांच्या पापुद्र्यात एक द्रव्य असतं, ते मुळात कडू नसतं. फळ अख्खं असेपर्यंत काही होत नाही. पण पेशी फुटल्या आणि त्यात आंबट रस मिसळला की त्याचं हळूहळू लिमोनिन होतं, आणि लिमोनिन कडूजहर. नेव्हलचा ताजा रस गोड लागतो आणि ठेवला की कडवट होतो, तो याचमुळे. मी काय केलं होतं? दहा नेव्हल संत्री पांढऱ्यासकट पात्याखाली अगदी गंध उगाळल्यासारखी बारीक केली, क्रॅनबेरीच्या जहाल आंबट रसात कालवली आणि बारा तास मुरत ठेवली. कडूपणा तयार करायचा असता तर याहून चांगली पद्धत मला सुचली नसती.

सगळं फेकलं. वजन केलं नाही, करवलं नाही.

फ्रीझरमध्ये चार पिशव्या होत्या. सहा आणायला मदतनीसाला पिटाळलं, ती तिसऱ्या दुकानातून घेऊन आली. आजींनी तोवर मुलीकडून आपलं यंत्र मागवलं होतं, टेबलाच्या कडेला आवळून बसवायचं, बिडाचं, हाताने फिरवायचं. लाकडी मूठ वापरून गुळगुळीत झालेली. पण कल्हई उडालेली आणि स्क्रूजवळ गंज. हे नाही वापरता येणार, असं त्या दिवसात दुसऱ्यांदा त्यांच्या घरच्या वस्तूला नाही म्हणताना माझा आवाज बारीक झाला. “वापर म्हणतंय कोण? जाळी बघ त्याची,” त्या म्हणाल्या. जाळीची भोकं वाटाण्याएवढी होती. मी आमच्या मोठ्या मिक्सरला जोडायचा खिम्याचा ग्राइंडर काढला, सुटा करून धुतला, सॅनिटायझरमध्ये बुडवला, वाळवला आणि सगळ्यात मोठ्या भोकाची जाळी लावली.

मग ताजी फळं निवडायला त्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसल्या, हातमोजे घालून. निवडायची त्यांची रीत बघण्यासारखी होती. फळ ट्रेवर वीतभर उंचीवरून टाकायचं. चांगलं फळ टणकन उसळतं, मऊ पडलेलं फदकन बसतं. त्यांनी एक आडवं कापून दाखवलं: आत चार पोकळ कप्पे, प्रत्येकात हवा. त्यामुळेच ते उसळतं आणि त्यामुळेच तरंगतं. कापणीच्या वेळी शेतात पाणी सोडतात, वेली घुसळतात आणि सुटलेली फळं वर येतात ती त्यामुळेच. बारीक पात्याने वाटलं की कप्प्यातली हवा मिसळून गुलाबी फेस होतो, हेही तिथेच कळलं. माझ्या पहिल्या घाण्यावर तो फेस होता, आणि मला तो छान वाटला होता!

त्यांच्या वडिलांचा मार्श होता, म्हणजे क्रॅनबेरीचं दलदलीतलं शेत. बाकी देश बॉग म्हणतो, विस्कॉन्सिनवाले मार्श म्हणतात. देशातली निम्म्याहून जास्त क्रॅनबेरी इथेच पिकते. निवडता निवडता त्यांनी 1959 सालची गोष्ट काढली. तेव्हा त्या 22 वर्षांच्या. थँक्सगिव्हिंगला अडीच आठवडे उरले असताना, 9 नोव्हेंबरला, केंद्रीय आरोग्यसचिव आर्थर फ्लेमिंग यांनी जाहीर केलं की वॉशिंग्टन आणि ओरेगॉनमधल्या काही मालात अमिनोट्रायझोल हे तणनाशक सापडलंय. प्रयोगातल्या उंदरांना त्याने थायरॉइडचा कॅन्सर होतो. फळ कुठलं ते कळत नसेल तर घेऊ नका, असा सल्ला. मग कोण घेतंय! फळ चांगलं आहे हे दाखवायला तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष निक्सन विस्कॉन्सिनमध्ये येऊन चार वेळा क्रॅनबेरी सॉस वाढून घेऊन गेले, सिनेटर केनेडींनी दोन ग्लास रस प्यायला, आणि व्हाइट हाउसच्या पानात मात्र त्या वर्षी सफरचंदाचा सॉस होता. तपासून पास झालेला माल पुढे बाजारात आला, सरकारने नंतर भरपाईही दिली, पण हंगाम गेला तो गेलाच. “आमच्या शेतात ते औषध मारलंच नव्हतं,” आजी म्हणाल्या. “सांगणार कुणाला? बाबांनी त्या दिवशी घरचं रेलिश अर्धं भांडं एकट्याने संपवलं. रागाने.”

दुसरा घाणा असा: संत्र्याची नुसती केशरी साल सोलाण्याने पातळ काढायची. पांढरं सगळं सोलून टाकायचं, मधला दोरा आणि बिया काढायच्या. साल, गर आणि क्रॅनबेरी भरड दळायची. फ्रीझरमधली फळं न वितळवताच घातली, ती जाळीतून कशी झकास भुगा होऊन पडतात, रस उडत नाही. साखर तीच दीड किलो, वर चिमूट-चिमूट मीठ. अक्रोड वेगळ्या वाटीत, त्यावर मोठ्या अक्षरात पाटी, कारण 31 नंबरच्या काकांना सुक्या मेव्याची ॲलर्जी आहे. रात्री आठला चाखलं, दहाला चाखलं. गुरुवारी पहाटे चाखताना चमचा ओठाशी नेऊन मी जरा थांबलेच.

कडू नव्हतं. रंग उतरून साखरेत मुरला होता, आणि दाताखाली साल कचकन यायची.

दुपारी दोनपर्यंत भांडं रिकामं झालं. आजींची मुलगी शेजारच्या टेबलावर होती. तिने वाढून घेतलं, पण माझ्याकडे बघितलं नाही.

शुक्रवारी नाश्त्याच्या ट्रेबरोबर एक बरणी परत आली, धुतलेली. दुसरी अजून भरलेली असणार. ट्रे घ्यायला मी मुद्दाम स्वतः गेले आणि विचारलं, घरचं कसं होतं?

आजींनी आधी दार लोटून घ्यायला सांगितलं.

“प्रोसेसरमध्ये केलंय तिने. अख्खं संत्रं,” त्या म्हणाल्या. “दुसरी बरणी रात्री हळूच घेऊन जा. आणि ती फोनवर विचारेल, तेव्हा आम्ही संपवली म्हणून सांग.”