२१ जूनची निर्वस्त्र पदयात्रा

दरवर्षी २१ जूनच्या सुमारास, म्हणजे वर्षातील सर्वांत मोठ्या दिवशी, अमेरिकेच्या पूर्वेकडील अ‍ॅपलाचियन ट्रेलवर काही पदयात्री अंगावरचे सगळे कपडे सॅकमध्ये भरतात आणि फक्त बूट, मोजे व टोपी एवढ्यावर दिवसभराची चाल करतात. या दिवसाला ‘नेकेड हायकिंग डे’ असे नाव पडले आहे. त्याला आयोजक नाही, नोंदणी नाही, घोषणा किंवा मागण्याही नाहीत; लांब वाट चालणाऱ्यांनी आपापसांत हसतखेळत जपलेली ती एक उन्हाळी प्रथा आहे. घरी फोनवर हे सांगितले की पलीकडून ‘काहीतरीच बाई!’ असा उद्गार येतो, आणि तो स्वाभाविकही आहे. मी मात्र व्हर्जिनियात राहते, या ट्रेलची देखभाल करणाऱ्या स्वयंसेवकांबरोबर काम करते, आणि ही प्रथा जवळून पाहिल्यामुळे तिच्याविषयी माझ्या मनात जिव्हाळा आहे.

ही प्रथा समजण्यासाठी आधी ती वाट समजावी लागते. १९२१ साली बेंटन मॅके यांनी तिची कल्पना मांडली आणि १९३७ साली ती सलग जोडली गेली. जॉर्जियातील स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधील कटाडिन शिखरापर्यंत, १४ राज्यांमधून ती सुमारे ३,५०० किलोमीटर जाते, आणि वाटभर झाडांच्या खोडांवर दोन इंच रुंद व सहा इंच उंच असे पांढरे पट्टे रंगवलेले असतात. एका दमात ती पूर्ण करू पाहणाऱ्यांना थ्रू-हायकर म्हणतात. त्यांतील बहुतेक जण मार्च-एप्रिलमध्ये दक्षिणेकडून निघतात, त्यांना साधारण पाच ते सात महिने लागतात, आणि म्हणून जूनच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांच्यापैकी पुष्कळ जण व्हर्जिनियात किंवा तिथून थोडे उत्तरेला पोहोचलेले असतात. हवा दमट असते, चढ संपत नाहीत, आणि घामाने भिजलेला कपडा मांड्यांना व काखांना घासून कातडी सोलून काढतो. इतके दिवस रानात काढलेल्या माणसाला स्वतःच्या शरीराची लाज वाटेनाशी झालेली असते, कारण आपले पोट, मांड्या, सुरकुत्या कशा दिसतात यापेक्षा आजचा डोंगर आपण चढू की नाही, हाच त्याच्यापुढचा रोजचा प्रश्न असतो.

शेनन्डोआ राष्ट्रीय उद्यानात ही वाट स्कायलाइन ड्राइव्ह हा रस्ता २८ वेळा ओलांडते. अशाच एका ठिकाणी आम्ही काही जण कलिंगडाच्या फोडी आणि लिंबू सरबत घेऊन पदयात्र्यांसाठी थांबतो. त्या दिवशी वाटेवर थोडे आत गेले असता वळणापलीकडून आधी खणखणीत ‘गुड मॉर्निंग’ ऐकू आले, मग ‘आम्ही कपड्यांत नाही, चालेल ना?’ असा प्रश्न आला, आणि मी होकार दिल्यावरच साठीच्या पुढचे एक जोडपे समोर आले. त्यांच्या कमरेच्या पट्ट्याखाली टॉवेलची घडी होती, कारण उघड्या कातडीवर सॅकचे वजन फार काचते. बैलाच्या खांद्यावर जुवाने घट्टा पडावा तशी दोघांच्या खांद्यांवर पट्ट्यांची काळपट खूण होती. हात आणि पोटऱ्या उन्हाने रापलेल्या, आणि जिथे एरवी कपडा असतो तिथे पांढरेफटक अंग, त्यावर सनस्क्रीनचे थर. बाईंनी थांबून नवऱ्याच्या गुडघ्यामागे गोचीड चिकटली आहे का ते पाहिले. या भागात गोचिडीमुळे लाइम रोग होतो, आणि उघड्या अंगाने रानातून जाताना ती काळजी दुप्पट घ्यावी लागते. रस्ता जवळ येताच दोघांनी चड्डी-सदरे चढवले, मगच ते कलिंगडाकडे आले.

हा वळणापलीकडचा प्रश्न आणि रस्त्यापाशी चढवलेले कपडे यांतच या प्रथेचे सगळे शील आहे, असे मला मनापासून वाटते. गाव, वाहनतळ, लहान मुलांची सहल जवळ आली की अंग झाकायचे. समोरच्याला अवघडल्यासारखे झाले तर आपण बाजूला व्हायचे. कुणाचेही छायाचित्र काढायचे नाही. कायद्यापेक्षा या अलिखित नियमांवर ही प्रथा टिकून आहे. कायदा तर राज्यागणिक बदलतो. व्हर्जिनियातील तरतूद ‘अश्लील’ प्रदर्शनाबद्दल आहे, नुसत्या नग्नतेबद्दल नाही; तरीही कुणी तक्रार केली तर प्रकरण अंगाशी येऊ शकते.

युरोपातही हा प्रश्न गाजला आहे. जर्मनीत हार्ट्स पर्वतात निर्वस्त्र चालणाऱ्यांसाठी २०१० साली १८ किलोमीटरची वाट खुली झाली, आणि ज्यांना नग्न माणसे पाहायची नसतील त्यांनी पुढे जाऊ नये, अशी पाटीच तिथे लावली आहे. याउलट स्वित्झर्लंडमधील आपेन्झेल इनरोडन या कँटनने, म्हणजे तिथल्या एका घटक राज्याने, २००९ साली खुल्या ग्रामसभेत हात वर करून मतदान घेतले आणि डोंगरात निर्वस्त्र चालण्यास २०० फ्रँक दंड ठरवला. मला जर्मन पाटी अधिक पटते. आधी सांगितले की निवड पाहणाऱ्याच्या हाती राहते.

मी मूळची सांगलीची. आमच्याकडे दिगंबर मुनींचा विहार भर रस्त्याने चालतो, हातात मोरपिच्छी आणि कमंडलू, अंगावर एकही वस्त्र नाही, आणि सर्व धर्मांचे लोक बाजूला होऊन नमस्कार करतात. त्या त्यागाची आणि या उन्हाळी मौजेची बरोबरी मी मुळीच करणार नाही. पण चालणाऱ्याचा हेतू कळला की उघड्या शरीराकडे निर्मळ नजरेने पाहता येते, हे मी लहानपणीच पाहिले आहे. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसेल: निर्वस्त्र राहणाऱ्यांचा आधुनिक काळातील सर्वांत जुना ज्ञात संघ १८९१ साली आपल्या मुंबई इलाख्यात, चार्ल्स क्रॉफर्ड नावाच्या जिल्हा न्यायाधीशाने काढला होता. सुरुवातीला सभासद अवघे तीन होते, आणि त्याची रत्नागिरीला बदली झाल्यावर संघ मोडला.

मी स्वतः त्या दिवशी कपड्यांतच चालते. माझी मोकळीक मला रानाच्या शांततेत मिळते, आणि तिथे कुणी मला त्याबद्दल विचारलेही नाही. काळजी वाटते ती मोबाइलची, कारण विश्वासाने उघड्या अंगाने चालणाऱ्या माणसाचे छायाचित्र क्षणात जगभर जाऊ शकते. तुम्ही जूनमध्ये मुलाबाळांसह शेनन्डोआला येणार असाल, तर डार्क हॉलो फॉल्ससारख्या गजबजलेल्या धबधब्याच्या वाटेवर असे कुणी भेटण्याची शक्यता फार कमी आहे. मुख्य ट्रेलवर कुणी भेटलेच, तर नजरेला नजर देऊन नमस्कार करावा, वाट द्यावी आणि मोबाइल खिशातच राहू द्यावा.