पोक आहिसे!

रत्नागिरीकडच्या आमच्या बागेत कलमाच्या बुंध्याशी ताजा भुसा दिसला की वडिलांचा चेहरा उतरतो. भिरूड! मग वाकड्या टोकाची तार भोकात घालून अळी ओढायची, रॉकेलचा बोळा कोंबायचा, वरून चिखल लिंपायचा. लहानपणापासून मी हेच बघत आलोय. म्हणून जूनमधल्या एका ओल्या सकाळी आसामात, गोलाघाट जिल्ह्यात, अगराच्या झाडाखाली तसाच भुसा दिसल्यावर मी घाईने खाली वाकलो. ज्यांच्याकडे उतरलो होतो ते दादा मात्र खुशीत म्हणाले, "पोक आहिसे!" किडा आलाय. घरी पाहुणा यावा तसा आवाज.

आदल्या दिवशी गुवाहाटीहून गाडीने होजाई, लमडिंग, दिमापूर करत फुरकाटिंगला उतरलो होतो. होजाई ही अगराच्या तेलाची मोठी पेठ. मुंबईत मोहम्मद अली रोडवरच्या अत्तरवाल्यांकडे मी ऊद, म्हणजे याच अगराचा सुगंध, हुंगला होता, पण तो ज्या झाडात तयार होतो ते झाड कधी पाहिलं नव्हतं. जंगलातली ही झाडं तोडून तोडून इतकी विरळ झाली, की १९९५ पासून त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या करारानुसार नियंत्रण आहे. आता भिस्त आहे ती अशा घरामागच्या बागांवर. इथे बागेला 'बारी' म्हणतात आणि झाडाला 'साँची'. एके काळी आसामात याच्याच सालीवर पोथ्या लिहीत.

दादांच्या बारीत पोफळी, त्यांवर चढलेले पानवेल आणि मधूनमधून सरळ वाढलेली साँची. निरोगी साँचीचं लाकूड पांढुरकं, हलकं, बिनवासाचं. खोडकिड्याची अळी आत बोगदे करते, त्या वाटेने बुरशी शिरते, आणि झाड स्वतःला वाचवायला काळसर राळ धरतं. तोच अगर. प्रत्येक भोकाला राळ धरतेच असं नाही, धरली तरी वर्षं जातात. कोवळ्या झाडाला फार भोकं पडली तर ते वाऱ्यात मोडतं. तरीही मोठ्या झाडावर हा किडा यावा म्हणून दादा वाट बघतात.

दुसरा किडा मात्र खरा वैरी. पानं खाणारी अळी. बाईदेऊंनी, म्हणजे दादांच्या पत्नीने, एक पान उलटं करून दाखवलं. खवल्यांसारखी एकावर एक रचलेली अंडी. शेजारच्या पानावर काळ्या डोक्याच्या, पिवळट हिरव्या अळ्यांचा पुंजका; पानाची नुसती जाळी उरलेली. फांदीला धक्का लागला तशा त्या रेशमाच्या धाग्याला लोंबकळल्या. पावसाळ्यात त्या फिरून फिरून येतात. कोवळं झाड दोन-तीनदा नागवं झालं की वाळतंच.

फवारणी का करत नाही, असं मी विचारलं. करून बघितली होती, दादा म्हणाले. कडक औषध मारलं त्या वर्षी अळ्या मेल्या, पण अळ्या खाणाऱ्या लाल मुंग्याही गेल्या, आणि पुढची पिढी दुपटीने आली. शिवाय खोडात शिरलेल्या अळीपर्यंत औषध पोचत नसलं, तरी सालीवर फिरणाऱ्या खोडकिड्याच्या नुकत्याच जन्मलेल्या अळ्या त्यात मरतात. म्हणजे ज्याची वाट बघायची, त्यालाच मारायचं! मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटली. किडीवर एकच उपाय शोधायची आपल्याला सवय आहे. इथे दोन किडींना दोन न्याय द्यावे लागतात.

म्हणून काम हाताचं. बाईदेऊ सकाळ-संध्याकाळ अंड्यांची, पुंजक्यांची पानं खुडून साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकतात. ही अळी कोशासाठी जमिनीत, पाचोळ्यात उतरते, तेव्हा बुंध्याभोवतीची माती उकरून कोंबड्या सोडतात. पोफळीवर त्याच लाल मुंग्यांची, पानं शिवून केलेली घरटी होती. कोकणातली आमची ओंबीलच ती! आम्ही आंब्यावर चढताना तिला शिव्या घालतो; इथे तिला कोणी हात लावत नाही. फारच झालं तर निंबोळी तेल किंवा बिव्हेरिया, ही अळीला रोग आणणारी बुरशी, तीही फक्त पानांवर आणि संध्याकाळी.

रोपवाटिकेत मर रोगाची भीती असते. साँचीचं बी टिकत नाही, पडल्यावर लगेच पेरावं लागतं, आणि नेमका तोच पावसाचा काळ. त्यामुळे वाफे उंच, रोपं विरळ, मातीत ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी.

निघायच्या आधी लाल चहा झाला, मग तामूल-पान, म्हणजे सुपारी आणि विड्याचं पान. दादांनी डबीतला चुना बोटावर घेतला आणि मला पुन्हा त्या झाडापाशी नेलं. खोडावर जुने, पुसट होत चाललेले पांढरे ठिपके होते. प्रत्येक भोकाशेजारी एक. कुठलं भोक कधीचं, ते त्यावरून कळतं. मग त्यांनी चुन्याची डबी माझ्यापुढे धरली. ताज्या भुशाच्या वर, अजून ओलसर असलेल्या त्या भोकाशेजारी, मी बोट टेकवलं.