साकूच्या आजी आणि मिठाचा हिशोब

घरून फोन आला की थंडीची चौकशी होते आणि लगेच पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "तिकडची माणसं एवढी जगतात, ती खातात तरी काय गं?" मावशी विचारते, सोसायटीतल्या काकू विचारतात. व्हॉट्सअ‍ॅपवर तर जपानी दीर्घायुष्याची सात रहस्यं दर आठवड्याला कुणीतरी पाठवतंच.

मी राहते नागानो प्रांतातल्या साकू शहरात. टोकियोहून शिनकानसेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, सव्वा-दीड तास. समुद्रसपाटीपासून साधारण सातशे मीटर उंची, उत्तरेला असामा हा जागृत ज्वालामुखी, मधून वाहणारी चिकुमा नदी. २०१० च्या आकडेवारीत नागानोतल्या पुरुषांचं सरासरी आयुर्मान ८०.८८ वर्षं होतं आणि बायकांचं ८७.१८. दोन्हींत हा प्रांत देशात पहिला. २०२० मध्येही पुरुष दुसरे आणि बायका चौथ्या होत्या. त्यामुळे मावशीच्या प्रश्नाचं उत्तर मला घराबाहेर पडलं की दिसतं, आणि ते उत्तर कुठल्या एका पदार्थात मावणारं नाही.

सत्तर वर्षांपूर्वी हाच प्रांत पक्षाघातासाठी बदनाम होता. हिवाळ्यात जमीन गोठते, शेतात काही उगवत नाही, आणि समुद्र तर नागानोला नाहीच. मग शरद संपता संपता नोझावाना नावाची पालेभाजी पिंपं भरभरून मिठात घालायची, मिसो, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला खारट लगदा, घरी करून ठेवायचा, मासे मिळाले तर खारवलेलेच. इथे पाहुण्याला चहासोबत बिस्किटं देत नाहीत, लोणच्याची बशी देतात. गप्पा लांबल्या की बशी पुन्हा भरली जाते. त्यात घरं लाकडी आणि गारठलेली. रात्री उबदार अंथरुणातून उठून बाहेरच्या संडासाकडे जाताना माणूस कोसळायचा. मिठानं रक्तदाब आधीच चढलेला असायचा, थंडी उरलेलं काम करायची.

१९४५ मध्ये डॉ. वाकात्सुकी तोशिकाझु नावाचे तरुण सर्जन साकूच्या रुग्णालयात आले. युद्धकाळात सरकारच्या डोळ्यावर येऊन ते तुरुंगात जाऊन आलेले होते. रुग्णालय शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचं. (सहकार म्हटलं की आपल्याला साखर कारखाना आठवतो. इथे सहकारातून उभं राहिलेलं रुग्णालय आज या भागाचा कणा आहे.) त्यांच्या लक्षात आलं की शेतकरी दुखणं अंगावर काढतो आणि हाताबाहेर गेल्यावरच दवाखान्याची पायरी चढतो. मग डॉक्टर आणि नर्स मिळून गावोगाव जायला लागले. तपासण्या करायच्या आणि नंतर गावकऱ्यांसमोर नाटक सादर करायचं. भाषण ऐकायला कोण येणार? नाटकाला सगळं गाव यायचं, पोरंबाळं कडेवर घेऊन. ती नाटकं वाकात्सुकी स्वतः लिहायचे. १९४७ पासून रुग्णालयाची जत्राच भरायला लागली, आरोग्याची प्रदर्शनं मांडून. १९५९ मध्ये जवळच्या याचिहो गावात त्यांनी गावकऱ्यांची दरवर्षी तपासणी सुरू केली, आजारी असो वा नसो. पुढे देशभरातल्या वयस्कांच्या तपासणीच्या धोरणावर या गावच्या अनुभवाचा मोठा प्रभाव पडला. १९७६ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

डॉक्टर असे किती पुरणार? म्हणूनच मला या सगळ्यात सर्वांत मोलाच्या वाटतात त्या इथल्या होकेन होदोइन, म्हणजे वस्तीतल्या आरोग्य स्वयंसेविका. १९४५ मध्ये नागानोतल्याच एका गावात एकटी परिचारिका किती राबते हे पाहून बायकांनी तिच्या हाताखाली काम करायचं ठरवलं. तिथून ही पद्धत प्रांतभर पसरली. साधारण दोन वर्षांची पाळी असते, एका घरची संपली की दुसऱ्या घराकडे जाते. या बायका आधी स्वतः शिकतात. रक्तदाब म्हणजे काय, मीठ कुठे लपलेलं असतं, तपासणीच्या कागदावरचे आकडे कसे वाचायचे. मग ते घरी आणि शेजारी पोचवतात. इतक्या वर्षांत एकेका वस्तीतल्या किती बायका यातून गेल्या असतील! आजच्या आज्यांना विचारलं तर बहुतेकजणी सांगतात, "हो, मीही केलंय ते काम."

मिसो मोजताना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या वस्तीच्या कोमिंकानमध्ये, म्हणजे समाजमंदिरात. प्रत्येकीनं सकाळचं मिसो सूप घरून झाकणाच्या डब्यात आणलेलं. टेबलावर थर्मामीटरसारखं दिसणारं एक यंत्र. त्याचं टोक सुपात बुडवायचं, द्रवातून वीज किती वाहते त्यावरून ते मिठाची टक्केवारी सांगतं. कुणाचं ०.८, कुणाचं १.२. एका काकूंनी वही काढून गेल्या वर्षीचा आपला आकडा पाहिला आणि समाधानानं मान डोलावली. फरक दिसायला केवढासा! पण दीडशे मिलीची वाटी धरली तर ०.८ टक्क्यांना १.२ ग्रॅम मीठ पोटात जातं आणि १.२ टक्क्यांना १.८ ग्रॅम. दिवसाला तीन वाट्या पिणाऱ्या घरात दोघींमध्ये जवळजवळ दोन ग्रॅमचा फरक पडला. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसभरात सगळं मिळून मीठ ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे जेमतेम एक सपाट छोटा चमचा.

मिसो सोडा असं त्या काकूंना कुणीच सांगितलं नाही, हे मला फार आवडलं. उपाय असा की भाज्या भरपूर घालायच्या. मुळा, गाजर, कोबी, अळंबी, बटाटा. वाटीत भाज्याच एवढ्या की रस्सा कमी मावतो, आणि भाज्यांची चव उतरल्यामुळे मिसो कमी घातला तरी बेचव लागत नाही. मीठ आपोआप घटतं, भाज्या आपोआप वाढतात. जपानमध्ये दिवसाला ३५० ग्रॅम भाज्या खाव्यात असं सांगितलं जातं. २०१२ च्या राष्ट्रीय पाहणीत नागानोच्या स्त्री-पुरुषांनी ते प्रमाण ओलांडलं आणि देशात पहिला क्रमांक मिळवला.

आमच्या शेजारच्या आजी ८७ वर्षांच्या आहेत, एकट्या राहतात. सकाळी उठल्यावर आधी रक्तदाब मोजायचा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत पेन्सिलीनं लिहायचा. मग परसात. वाफे लहानसेच, पण मुळा, वांगी, घेवडा, पालक यांचं वेळापत्रक अगदी काटेकोर. वाकून तण काढतात, मधेच सरळ उभ्या राहून असामाकडे बघतात, पुन्हा वाकतात. जास्तीचं पीक वर्तमानपत्रात गुंडाळून शेजाऱ्यांच्या दाराशी ठेवतात. माझ्या दाराशी मुळा दिसला की मला कळतं, आज आजींची तब्येत छान आहे. दात बहुतेक स्वतःचे आहेत. ऐंशीव्या वर्षी वीस दात शाबूत ठेवायची मोहीम जपानमध्ये १९८९ मध्ये सुरू झाली आणि त्या ती मनापासून पाळतात. जेवणानंतर दात घासल्याशिवाय चहाला हात लावत नाहीत. हिवाळ्यात आंघोळ जेवणाआधी करायची, कपडे बदलायच्या खोलीत आधी हीटर लावून. एक तरी खोली उबदार ठेवा, अशी मोहीम इथे पूर्वी चालली होती, तिचीच ही सवय.

रेडिओवरच्या व्यायामाबद्दल तुम्ही वाचलंच असेल. रेडिओ ताइसो १९२८ पासून चालू आहे, युद्धानंतर काही काळ बंद पडला होता आणि आजचा प्रकार १९५१ चा. रोज सकाळी साडेसहाला पियानो सुरू होतो आणि दहा मिनिटांत सगळं आटोपतं. व्यायाम म्हणून तो हलकाच, त्यानं वजनबिजन काही उतरत नाही. त्याची खरी किंमत मला एका सकाळी कळली. देवळापुढच्या पटांगणात एक आजोबा दोन दिवस आले नव्हते. व्यायाम संपल्यावर कुणी चर्चा केली नाही, दोघीजणी सरळ त्यांच्या घराकडे चालू लागल्या. आजोबांना फक्त सर्दी झाली होती. पण साडेसहाला आपण दिसलो नाही तर सातपर्यंत कुणीतरी दार वाजवेल, हा भरवसा एकट्या राहणाऱ्या माणसाला कुठल्या गोळीतून मिळणार?

कामाचंही तसंच. वयस्क माणसं कामावर असण्यात नागानो वर्षानुवर्षं देशात आघाडीवर आहे. सफरचंदाच्या आणि द्राक्षांच्या बागा आहेत, भाजीपाला आहे, त्यामुळे शेतकऱ्याला निवृत्ती नसतेच. नोकरीतून बाहेर पडलेल्यांसाठी शहरोशहरी ‘सिल्व्हर’ केंद्रं आहेत. साठीच्या पुढची माणसं तिथे नाव नोंदवतात आणि झेपेल तेवढं काम घेतात. बागेची छाटणी, सायकलींचा वाहनतळ सांभाळणं, शोजीच्या, म्हणजे कागद लावलेल्या सरकत्या दारांना नवा कागद लावणं. आमच्याकडे झाडं छाटायला आलेले आजोबा बँकेत अधिकारी होते. काम संपल्यावर त्यांनी कात्र्या इतक्या निगुतीनं पुसून ठेवल्या की मी बघतच राहिले.

हे सगळं जपानी रक्तात असतं असं कुणाला वाटत असेल तर ओकिनावाकडे पाहावं. दीर्घायुष्याचं बेट म्हणून जगभर त्याचं नाव. १९८५ मध्ये तिथले पुरुष देशात पहिले होते. २००० मध्ये ते २६ व्या क्रमांकावर आले आणि २०२० मध्ये ४३ व्या. १९७२ पर्यंत बेट अमेरिकेच्या ताब्यात होतं. डबाबंद मांस आणि बर्गर आले, पायी चालणं जाऊन मोटार आली, आणि पणजोबांच्या सवयी नातवापर्यंत पोचल्या नाहीत. म्हातारे दीर्घायुषीच राहिले, मधल्या पिढीचे पुरुष लवकर जायला लागले. नागानो खालून वर आलं, ओकिनावा वरून खाली. एकाच देशात, एकाच काळात.

मला आपल्याकडच्या माणसांची काळजी वाटते ती यासाठीच. आपल्या ताटात डाव्या बाजूला काय काय असतं बघा. लोणचं, चटणी, पापड, सांडगी मिरची, आणि वरून मिठाची चिमूट. यातली एकेक गोष्ट थोडीशीच, पण रोजची, दोन्ही वेळची. माझ्या आईला बारा वर्षांपासून बीपी आहे आणि ताटातलं मीठ कुणी कधी मोजलेलं नाही. औषध चालू आहे म्हटलं की विषय संपतो. मी तिला लोणचं सोड म्हटलं नाही, ते तिला जमणार नाही आणि मला ते पटतही नाही. बरणी टेबलावरून फडताळात ठेव आणि आमटीत दुधी, शेवगा, लाल भोपळा घालत जा, एवढंच सांगितलं. उठून आणावं लागलं की दुसरी फोड घेतली जात नाही.

आणि आपल्याला हे नवीन आहे असंही नाही. नगर जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं. खेड्यातल्या, अनेकदा शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडवलं आणि त्या बायकांनी गावं बदलून दाखवली. वाकात्सुकींनंतर तीनच वर्षांनी, १९७९ मध्ये, आरोळे दांपत्यालाही मॅगसेसे पुरस्कार मिळाला. इथल्या काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी नकाशात जामखेड कुठे आहे ते दाखवायला लावलं आणि तिथल्या बायका काय काय करायच्या ते खोदून खोदून विचारलं.

इथे सगळं आलबेल आहे असं मात्र समजू नका. डोंगरातली गावं ओस पडत चालली आहेत, बस बंद झाली की म्हाताऱ्यांना दवाखाना गाठणं अवघड होतं, आणि मुलं टोकियोत. स्वयंसेविकांचं काम पिढ्यान्पिढ्या बायकांनीच केलं. आताच्या तरुण सुना नोकरी करतात, पाळी घ्यायला नको म्हणतात, आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. पुरुषांनी ही पाळी घ्यायला हवी, असं मी बैठकीत बोललेही. दोघा निवृत्त काकांनी नावं दिली आहेत.

येत्या एप्रिलपासून पाळी आमच्या घराकडे येतेय. पहिल्या वर्गाचा विषय रक्तदाब आहे आणि प्रत्येकीनं घरातलं रोजचं एक पातळ पदार्थाचं भांडं मोजायला आणायचं आहे. मी आमटी नेणार आहे. आईच्या भजनी मंडळातल्या एका वहिनींनी बीपीचं मशीन घेतलंय, एकादशीच्या भजनाआधी सगळ्यांचं मोजायचं ठरलंय. वहीत काय काय लिहायचं हे विचारायला त्यांचा मला फोन आला होता. तारीख, वरचा आकडा, खालचा आकडा, आणि कोण आलं नाही त्यांची नावं, असं मी त्यांना सांगितलं.