शिबिर आणि कांदा
सकाळी साडेसहालाच वावरात. आमच्या निफाडकडे एप्रिलमध्ये उन्हाळ कांदा निघतो. काढलेला कांदा त्याच्याच पातीने झाकून तीन-चार दिवस सुकवायचा, मग इंचभर मान ठेवून पात कापायची. मान आखूड राहिली की चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, सड लागते.

नऊला हातपाय धुऊन शाळेत, शिबिराला. आज कागदकाम होतं, पण पोरांना वावरच बघायचं होतं. नेलं मग! बावीस जण लिंबाच्या सावलीत. चौथीतल्या एका मुलीने मान किती ठेवायची ते स्वतःच्या बोटाच्या पेरावर दाखवलं, आईकडून शिकलेली. डोळे भरून आले माझे. सगळ्यांना पन्हं दिलं.

आत्ता आभाळ आलंय. ताडपत्र्या काढून ठेवल्यात. दोन दिवस पाऊस थांबू दे रे देवा.