नॉट्स, नोंद सातवी : अर्ध्या मिलिमीटरची गाठ

मागच्या नोंदीत मी मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले होते की 'नॉट्स' या गाण्याच्या तबकडीवरचे स्वर हलतात त्याला टर्नटेबलचा बेल्ट जबाबदार आहे आणि नवा बेल्ट आला की हे प्रकरण मिटेल. बेल्ट आला, बसवला, आणि स्वर पूर्वीसारखेच हलत राहिले. त्यानंतरचे तीन आठवडे ज्या दोषामागे गेले, तो अखेर परवा रात्री सापडला. तो ना बेल्टमध्ये होता, ना मोटारीत, ना सांगलीच्या विजेत.

आपला बेत नियमित वाचकांना ठाऊक आहेच. जेंटल जायंट या ब्रिटिश रॉक बँडच्या १९७२ सालच्या 'ऑक्टोपस' या अल्बममधील 'नॉट्स' हे गाणे चार आवाजांसाठी भातखंडे लिपीत उतरवायचे आणि आम्ही चौघांनी ते वाद्यांशिवाय गाऊन पाहायचे, एवढीच हौस आहे. मानसोपचारतज्ज्ञ आर. डी. लेंग यांच्या १९७० सालच्या त्याच नावाच्या पुस्तकावरून स्फुरलेल्या या गाण्यात नात्यांचा गुंता शब्दांपेक्षा रचनेतच अधिक आहे. एक आवाज तुकडा टाकतो, दुसरा तो अर्ध्यावर उचलतो, तिसरा मध्येच घुसतो, आणि कोणाचे वाक्य कोणाच्या तोंडी संपते याचा पत्ता लागत नाही. सुरुवातीला वाद्ये नसतात, म्हणून स्वरलेखनाला हा भाग सोपा जाईल असे मी पहिल्या नोंदीत म्हटले होते. ते विधान मी आता मागे घेतो.

अडचण अशी होती की एकच स्वर एके ठिकाणी चढा लागे आणि दोन सेकंदांनी उतरा. लांब धरलेला स्वर असता तर तो डुलताना कानाला लगेच कळला असता. पण इथे प्रत्येक आवाज तुटक तुकड्यांत येतो, त्यामुळे डोलणे ऐकू येत नाही आणि गायकच बेसूर आहेत असे वाटू लागते. बँडचे गायक डेरेक शुलमन आणि केरी मिनियर यांच्यावर मी मनातल्या मनात जो आळ घेतला, त्याबद्दल इथे जाहीर दिलगिरी व्यक्त करतो.

आधी वेगावर संशय घेतला. १८० रेषांची स्ट्रोब चकती छापून घेतली, कारण ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो आणि मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला १८० रेषा स्थिर दिसतात. खोलीतल्या एलईडी दिव्याखाली मात्र रेषांचा नुसता धूसर पट्टा दिसत होता, कारण त्या दिव्याचा ड्रायव्हर लुकलुकणे जवळपास पुसूनच टाकतो. शेवटी एक्स्टेन्शन बोर्डावरचा लाल निऑन इंडिकेटर चकतीजवळ धरला आणि खोलीत अंधार केला, तेव्हा रेषा जागच्या जागी उभ्या राहिल्या. ज्यांना महागडे स्ट्रोब दिवे घ्यावेसे वाटतात त्यांनी आधी घरातला बोर्ड तपासावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे ३१५० हर्ट्झचा सूर असलेली चाचणीची तबकडीही लावून पाहिली आणि तिच्यावर सूर सरळ रेषेत निघाला. म्हणजे यंत्र निर्दोष होते. त्याच क्षणी मला उमजायला हवे होते, पण मी त्यानंतरही चार दिवस मोटारीला तेल देत बसलो.

परवा रात्री पिनेवर धूळ आहे का हे पाहण्यासाठी मोबाइलचा टॉर्च बाजूने धरला होता. टोनआर्मच्या, म्हणजे पिन धरणाऱ्या दांडीच्या, टोकाची सावली समोरच्या भिंतीवर पडली आणि ती डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, पाळण्यासारखी संथपणे झुलत होती. घड्याळ लावून दहा झोके मोजले तर अठरा सेकंद भरले. ३३⅓ च्या वेगाने एका फेऱ्याला बरोबर १.८ सेकंद लागतात. बेल्टचा दोष असता तर तो बेल्टच्या फेऱ्याबरोबर आला असता. हा दोष तबकडीच्या फेऱ्याबरोबर येत होता. तबकडीचे भोकच मध्यावर नव्हते.

पिनेजवळ आलेखाच्या कागदाची पट्टी उभी करून मोजले तेव्हा टोक एकूण एक मिलिमीटर सरकत होते, म्हणजे भोक खऱ्या मध्यापासून अर्धा मिलिमीटर बाजूला पडले आहे. आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पण 'नॉट्स' हे पहिल्या बाजूचे चौथे आणि शेवटचे गाणे आहे, आणि तिथे खाचेची त्रिज्या माझ्या प्रतीत सुमारे ७५ मिलिमीटर भरते. अर्धा भागिले पंचाहत्तर म्हणजे ०.६७ टक्के, म्हणजे सूर साडेअकरा सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) वर आणि तितकाच खाली, एकूण २३ सेंट. आपल्याकडची प्रमाणश्रुती सुमारे २१.५ सेंटची असते. म्हणजे माझी तबकडी दर १.८ सेकंदांत प्रत्येक स्वराला एक अख्खी श्रुती चढवून उतरवत होती. हेच भोक 'द ॲडव्हेंट ऑफ पॅनर्ज' या पहिल्या गाण्याच्या वेळी, म्हणजे बाहेरच्या कडेला, अवघ्या सहा-सहा सेंटांचे झोके देते आणि त्यावर बँडच्या जॉन वेदर्सचे ड्रम्स वाजत असतात; म्हणून इतकी वर्षे ते लक्षात आले नाही.

ही प्रत मला जवळजवळ नवी म्हणून मुंबईच्या एका विक्रेत्याने विकली होती, आणि खरे सांगायचे तर ओरखड्यांच्या बाबतीत तो खोटे बोलला नव्हता. माझी तक्रार एवढीच आहे की फोन केल्यावर त्याने भोक सगळ्याच तबकड्यांना असते असे उत्तर दिले.

आता उपाय. नाकामिचीने एकेकाळी तबकडी आपोआप मध्यावर आणणारी टीएक्स-१००० नावाची टर्नटेबल काढली होती, पण तिची किंमत पाहता ती माझ्या बोलण्यातच राहू द्यावी. दुसरा मार्ग म्हणजे भोक थोडे मोठे करायचे आणि तबकडी हाताने सरकवून मध्यावर आणायची. त्यासाठी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत गेलो, कारण लाकडात खुंटीचे भोक वाढवण्याचे निमुळते अवजार त्या लोकांच्या हातात पिढ्यानपिढ्या आहे. ज्यांच्याकडे माझ्या तानपुऱ्याची जवारी काढून घेतो त्या कारागीर चाचांनी तबकडी उजेडात धरली, भोकात करंगळी घालून पाहिली आणि ते अवजार वापरायला साफ नकार दिला. निमुळत्या पात्याने भोक एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद होईल, शिवाय प्लास्टिक तापून चिकटेल, असे त्यांचे म्हणणे होते. त्याऐवजी त्यांनी बारीक गोल कानस दिली आणि बजावले, "सगळीकडून नका घासू, जिकडे जायचंय तिकडनंच घासा." मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा मी पेढे वाटले होते, त्या दिवशी आणखी एकदा वाटावेसे वाटले.

जिकडे जायचे आहे ती दिशा मात्र मी चुकीची काढली. सुदैवाने आधी रद्दीतल्या एका तबकडीवर सराव केला होता. टोनआर्म बाहेरच्या टोकाला असताना लेबलवर पेन्सिलीने खूण करायची, इथवर बरोबर होते. पण मी भोक खुणेच्या विरुद्ध बाजूला घासले आणि झोका कमी होण्याऐवजी दुप्पट झाला. थोडा विचार केल्यावर कळले की पिन बाहेर ढकलली जाते तेव्हा खाचांचा खरा मध्य पिनेच्याच बाजूला सरकलेला असतो. म्हणून खुणेच्याच बाजूला घासायचे आणि तबकडी पिनेपासून दूर रेटायची. ज्यांना हा प्रयोग करायचा आहे त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

'ऑक्टोपस'वर कानस चालवण्यापूर्वी लेबलभोवतीचा खाचांचा भाग कागद आणि चिकटपट्टीने झाकला, कारण कानशीचा काळा भुसा खाचेत गेला तर मूळ दुखणे बरे वाटावे अशी परिस्थिती झाली असती. पंधरा-वीस हलके हात मारले, बोटाने कड तपासली, पुन्हा मारले. घरातल्यांनी खोलीचे दार लोटून घेतले होते. नंतर तबकडी ठेवली, टोनआर्मकडे पाहत नखाने कडेवर टिचक्या मारत ती सरकवली, आणि सहाव्या की सातव्या टिचकीला भिंतीवरची सावली थांबली. त्या थांबलेल्या सावलीकडे मी पूर्ण बाजू संपेपर्यंत पाहत बसलो होतो.

'नॉट्स'चा ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये नवा उतारा घेतला. पूर्वी एकाच स्वराच्या जागा वेगवेगळ्या दिसत होत्या, त्या आता एका ओळीत आल्या. पहिली बावीस आवर्तने एका बैठकीत लिहून झाली. आमच्या चौकडीतील काका नाट्यसंगीतात मुरलेले असल्याने त्यांना प्रत्येक तुकड्याच्या शेवटी छोटी हरकत घ्यावीशी वाटते, तरीही रविवारी विश्रामबागेतल्या बैठकीत पहिली चार आवर्तने आम्ही न अडखळता गायलो. चौथ्या आवर्तनानंतर सगळे एकदम हसलो आणि पाचवे गेले, ही गोष्ट वेगळी.

पण एक फरक उरलाच. डोलणे गेले तरी काही ठिकाणी आमचा गांधार गाण्यात पुढे येणाऱ्या झायलोफोनच्या गांधाराशी जुळत नव्हता, आणि तो नेमाने, एकाच दिशेने खाली राहत होता. मोजला तर चौदा सेंट भरला. इथे दोषी मीच होतो. पट्टीचा दाखला म्हणून मी तानपुरा लावला होता, आणि खर्जाच्या तारेतून उमटणारा स्वयंभू गांधार समविभागी सप्तकातल्या (पियानो-हार्मोनियमच्या) गांधारापेक्षा नेमका तेवढाच उतरा असतो. चाचांनी जवारी इतकी मोकळी काढली आहे की तो गांधार खोलीभर ऐकू येतो आणि आम्ही चौघेही नकळत त्याच्याकडे झुकत होतो. हे लिहिता लिहिताच ठरवतो आहे की पुढच्या बैठकीत तानपुरा गवसणीतच ठेवायचा आणि स्वर फक्त सुरुवातीला हार्मोनियमवर घ्यायचा. मात्र झायलोफोन येण्यापूर्वीचा निव्वळ आवाजांचा भाग तानपुऱ्याच्या गांधारातच गाऊन पाहावा, असाही मोह होतो आहे. त्यामुळे कदाचित दोन्ही प्रकारे ध्वनिमुद्रण करीन.

कोल्हापूरच्या मित्राने विचारले आहे की ब्रिटिश संगीतकार स्टीव्हन विल्सन यांनी २०१५ मध्ये या अल्बमचे नवे मिश्रण (रीमिक्स) केलेले असताना ही कानसबाजी कशासाठी. ते मिश्रण माझ्याकडे आहे आणि ते मला आवडते. पण ॲडव्हिजन स्टुडिओत ध्वनिमुद्रक मार्टिन रशेंट यांच्यासमोर बसून या मंडळींनी स्वतः जो तोल ठरवला, तोच मला लिहायचा आहे.

काल रात्री हौसेने दुसरी बाजू लावली. 'द बॉइज इन द बँड' सुरळीत गेले, पण 'थिंक ऑफ मी विथ काइंडनेस'चा पियानो सुरू झाला आणि माझ्या पोटात गोळा आला. दोन्ही बाजूंचे साचे वेगवेगळे असतात आणि त्यांचे मध्य एकमेकांवर असतीलच असे नाही, हे मी विसरलो होतो. पहिल्या बाजूला बसवलेले भोक दुसऱ्या बाजूला पाऊण मिलिमीटर चुकते आहे. भोक आता मोठे असल्याने तबकडी सरकवता येईल, मात्र घासलेली बाजू नेमकी उलट दिशेला आहे. तेव्हा एकतर दुसरीकडूनही घासावे लागेल, म्हणजे भोक लंबगोल होईल, किंवा मोठ्या भोकात घट्ट बसणारी आणि दोन बाजूंना दोन वेगळ्या जागी आस देणारी पितळी कडी बनवून घ्यावी लागेल. कडीचे चित्र काढून ठेवले आहे. शनिवारी ते घेऊन पुन्हा मिरजेला जातो आहे. चाचा मला दारातूनच परत पाठवण्याची शक्यता बरीच आहे.