पाणसळ

आमच्या जुन्या मॅटाडोरमध्ये गॅसवर चालणारा फ्रिज आहे. बडोद्यात हे कुणालाही सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "गॅसवर? म्हणजे गरम करतो की गार?" दोन्ही. मागे जाळ, पुढे बर्फ.

गाडी निवृत्तीच्या पैशांतून घेतली. आधीच्या हौशी मालकाने आत दोन बाकं, एक चिमुकली मोरी आणि परदेशी कॅरॅव्हॅनमधून काढलेला हा फ्रिज बसवला होता. पहिल्याच उन्हाळ्यात तो गार होईना. प्रतापनगरच्या बाजूचा एक मेकॅनिक आला. त्याने मागची जाळी काढली, टॉर्च मारला, बराच वेळ काहीतरी शोधलं आणि म्हणाला, "काका, आमां तो मोटरज नथी!" कॉम्प्रेसर कुणीतरी काढून नेलाय अशी त्याची खात्रीच पटली. नवा बसवायचा भावही सांगून टाकला.

मोटर मुळात नव्हतीच. स्टॉकहोमला शिकत असलेल्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोघांनी १९२२ साली ही युक्ती काढली. बंद नळ्यांत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन. खाली ज्योत लागली की पाण्यात मुरलेला अमोनिया वाफ होऊन वर जातो, मागच्या नळ्यांत निवून पातळ होतो आणि बर्फाच्या कप्प्यामागे हायड्रोजनच्या संगतीत पुन्हा उडून जाताना तिथली ऊब घेऊन जातो. पुढे पाणी त्याला परत पोटात घेतं. आवाज नाही, घरघर नाही.

आमच्या फ्रिजला झाली होती काजळी. ज्योतीवरच्या बारीक धुराड्यात पत्र्याची एक पिळदार पट्टी तारेला टांगलेली असते. ती ओढून काढली तर दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी अंगणात सापडणाऱ्या फुलबाजीच्या काडीसारखी दिसत होती. बर्नरच्या नळीत कोळ्याने जाळं विणलेलं. हवा कमी पडली, ज्योत पिवळी झाली, काजळी धरली, एवढीच गोष्ट. गॅस ज्यातून येतो त्या जेटच्या बारीक भोकात सुई घालायचा मोह फार होतो, पण घालायची नाही. भोक जरासं मोठं झालं तरी ज्योत कायमची बिघडते. स्पिरिटमध्ये रात्रभर बुडवायचं आणि सकाळी फुंकर मारायची. जोडण्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे, मग बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं. ज्योतीजवळचा तापमापी दांडा तापल्याशिवाय गॅस टिकत नाही. छोट्या भिंगातून निळा ठिपका दिसला तेव्हा मी सौ.ला घरातून हाक मारून बोलावलं. ती ओल्या हातांनी आली, बघितलं, म्हणाली, "देवघरातली समई एवढ्या कौतुकाने लावली नाहीत कधी."

थंड देशांत यासाठी प्रोपेनच लागतो, कारण ब्युटेन शून्याच्या आसपास वाफ व्हायचंच थांबतो. बडोद्याला ती चिंता नाही. इथे उलटं दुखणं. मे महिन्यात पारा बेचाळीसवर गेला की मागच्या नळ्या निवणार कशा? शेवटी जुन्या कॉम्प्युटरचा पंखा वरच्या झरोक्यात बसवला. फरक पडला, पण आदल्या रात्री पेटवल्याशिवाय सकाळी दही गार मिळत नाही. आणि पेट्रोल पंप दिसायच्या कितीतरी आधी ज्योत बंद, हा नियम.

खरी कटकट वेगळीच. आतलं सगळं वाहतं ते नळ्यांच्या उताराने. गाडीच कलली तर द्रव भलत्या कोपऱ्यात साचतं, ज्योत मात्र तापवत राहते. तासन्तास असं चाललं तर फ्रिज कायमचा बाद. चालत्या गाडीत हेलकावे बसतात म्हणून निभतं. उभ्या गाडीत नाही. म्हणून वडिलांची लाकडी पाणसळ, म्हणजे सपाटी बघायची बुडबुड्याची पट्टी, बर्फाच्या कप्प्यात ठेवतो आणि बुडबुडा मध्ये येईपर्यंत गाडी पुढे-मागे करतो. पावागडला माचीच्या उतारावर चाकांखाली विटा सरकवण्यात पाऊण तास गेला. शेजारच्या गाडीतले लोक तोवर देवीचं दर्शन घेऊन परत आले. सौ. म्हणाली, "अहो, फ्रिज गाडीसाठी आहे, की गाडी फ्रिजसाठी?"

तेव्हापासून मला सपाट वाटणारं काहीही सपाट दिसत नाही. नवलखी मैदानाचा कुठला कोपरा कुठे झुकतो हे मी झोपेतही सांगेन. आमच्या सोसायटीचं पार्किंग तर नाल्याकडे चक्क दोन बोटं उतरतं, आणि बांधणाऱ्याने सपाट म्हणून पैसे घेतलेत.

परवा दांडिया बाजारात व्याह्यांकडे जेवायला गेलो. आमटी वाटीच्या एका कडेला किंचित चढलेली दिसली. माझा हात आपोआप खिशातल्या जुन्या बिलाकडे गेला, घडी घालून टेबलाच्या पायाखाली सारायला. सौ.ने टेबलाखालून माझं मनगट धरलं आणि हसत विहीणबाईंना म्हणाली, "आमटी छान झालीय हं."